चोंबडीची सपाट रेघ

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. रंग राखाडी, झाकणावर कॉफीच्या कपाचे चार गोल डाग, पोटात एक दिवा आणि बाजूला एक लेखणी. लांबून पाहिलेत तर शिवणयंत्राची पेटी वाटेन. पण माझे काम वेगळे आहे. माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना किती घट्ट बिलगतात, ते मी मोजते आणि कागदावर रेघ काढून सांगते. जे असेल ते सांगते, कुणाची भीड ठेवत नाही. म्हणून खाडीकाठच्या सिएनफुएगोस गावातल्या आमच्या इस्पितळात सगळे मला 'चोंबडी' म्हणू लागले. सुरुवातीला मला या नावाचा राग यायचा. आता त्याच नावाने कुणी हाक मारली की बरे वाटते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून मी बोटीने आले. खोक्यावर मोठा बाण काढून 'ही बाजू वर' असे लिहिले होते आणि सगळा समुद्र मी डोक्यावर उभी राहून ओलांडला. बंदरावरच्या हमालाने मला सरळ केले, खोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "उतरा बाईसाहेब, आलं तुमचं सासर."

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मला खिडकीपासून लांबच्या टेबलावर ठेवले, कारण खाडीवरचा खारा वारा मला सोसत नाही. तिथे मला नेरेइदा बाकायाओ भेटली. ती तेव्हा नुकतीच तंत्रज्ञ म्हणून लागली होती. माझ्याबरोबर आलेली पुस्तिका परक्या भाषेत होती. नेरेइदाने शब्दकोश घेऊन अकरा दिवस ती वाचली. बाराव्या दिवशी माझ्या लेखणीने पहिली रेघ काढली, तेव्हा ती एकटीच टाळ्या वाजवत सुटली.

माझे काम तुम्हाला सांगते, अवघड नाही. तुमचा गुडघा फुटतो, रक्त येते आणि थोड्या वेळाने थांबते. ते कोण थांबवते? रक्तात लाखो चिमुकल्या चकत्या असतात, त्याच या प्लेटलेट्स. जखम दिसली की त्या धावतात आणि एकमेकींच्या गळ्यात गळे घालतात. मग त्यांच्याभोवती बारीक धाग्यांचे जाळे विणले जाते आणि गुठळी तयार होते. गुडघ्यावर हे फार चांगले. पण हीच गुठळी हृदयाच्या शिरेत झाली, तर माणूस जिवाला मुकतो.

नेरेइदा रक्त हळू फिरवून त्याच्यावरचे पिवळसर पाणी काढते. प्लेटलेट्स त्यातच असतात, म्हणून ते गढूळ दिसते. ते काचेच्या बारीक नळीत घालून माझ्या उबदार खोबणीत ठेवते. आत टाचणीएवढा लोखंडी तुकडा गरगर फिरत असतो. एका बाजूने माझा दिवा, दुसऱ्या बाजूने माझा डोळा. मग ती एक थेंब टाकते. त्याला आम्ही चिथावणीचा थेंब म्हणतो. प्लेटलेट्स चिथावल्या की त्या घोळक्याने गोळा होतात, पाणी निवळते, उजेड आरपार येतो आणि माझी लेखणी वर चढते. त्या चिथावल्याच नाहीत, तर पाणी गढूळच राहते आणि रेघ सपाट जाते. झाले, एवढीच माझी विद्या.

पहिली दहा वर्षे माझी फार बडदास्त ठेवली. विद्यार्थी यायचे, पाहुणे डॉक्टर यायचे. पुढे मी जन्मले तो देशच नकाशावरून नाहीसा झाला. मग माझे सुटे भाग येणार कुठून? दिवा गेला, तर नेरेइदाने मोटारसायकलचा बसवला. पट्टा तुटला, तर सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातली. शाई संपली, तेव्हा जंतू रंगवायच्या निळ्या औषधावर माझी लेखणी चालू लागली. आणि कागद संपला, तेव्हा नेरेइदाचा थोरला भाऊ धावून आला.

त्याचे नाव लेओविहिल्दो, पण सगळे त्याला लेओ म्हणत. साखर कारखान्याला ऊस वाहून आणणाऱ्या आगगाडीचा तो चालक. अंगाने आडवा, आवाजाने उभा. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कागदाच्या गुंडाळ्या नेमक्या माझ्या मापाच्या निघाल्या. दर हंगामात तो वजनकाट्यावरच्या लोकांना विनवून दोन-तीन गुंडाळ्या आणायचा आणि माझ्यावर आदळायचा.

"घे गं चोंबडे, तुझा खाऊ."

"लेओ, हळू! नाजूक यंत्र आहे ते," नेरेइदा ओरडायची.

"नाजूक? माझ्या इंजिनापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे ही."

मग तो कॉफीचा कप माझ्या झाकणावर ठेवून गप्पा मारत बसायचा. पहिला डाग त्याचाच. त्या कागदावर कडेने 'वजन, टन' असे छापलेले असायचे. रक्ताच्या थेंबाचा हिशोब टनांच्या कागदावर! पण कागद तो कागद, मी कधी नाक मुरडले नाही.

त्याच सुमारास आमच्या देशात गुठळी विरघळवणारे एक औषध बनू लागले. झटका आलेल्या माणसाला ते तासाभरात थेंब थेंब शिरेतून द्यायचे. ते गुठळीचे धागे कापते, शीर मोकळी होते आणि काळानिळा झालेला माणूस डोळ्यांदेखत पुन्हा रंगावर येतो. आमच्याकडच्या रक्ताच्या डॉक्टरांना, एवेलिओ सोतोलोंगो यांना, मात्र एक प्रश्न छळत होता. धागे कापले जातात हे खरे, पण त्या वेळी प्लेटलेट्स काय करतात? त्या शांत होतात की आणखी खवळतात? कारण शीर मोकळी झाली, तरी आतून ती सोललेल्या गुडघ्यासारखी ओली असते. प्लेटलेट्स खवळलेल्या असल्या तर तिथेच पुन्हा गुठळी करतील. म्हणून रुग्णांना त्या औषधाबरोबर ॲस्पिरिन देत, ती प्लेटलेट्सना आवरते.

डॉक्टरांनी तीन महिन्यांत एकोणीस रुग्णांचे रक्त माझ्यापाशी आणले, औषधाच्या आधीचे आणि नंतरचे. माझ्या रेघा काही उभ्या चढल्या, काही सपाट गेल्या. कशाचा कशाला मेळ नव्हता. डॉक्टर कागद पसरून बसायचे आणि कपाळ चोळायचे.

"नेरेइदा, ही तुझी चोंबडी एक दिवस हे सांगते, एक दिवस ते."

"ती दिसेल ते सांगते, डॉक्टर. अर्थ लावणं तुमचं काम."

हे उत्तर मला फार आवडले होते.

आता तो सोमवार. उसाचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी साडेसात वाजता नेरेइदा धावत आत आली, तिच्या हातात रक्ताची नळी होती. लेओला झटका आला होता. रविवारपासून छातीत दुखत होते, पण त्याने ते कुणाला कळू दिले नाही. सोमवारी पहाटे इंजिनावर चढताना तो खाली बसला, आणि कारखान्याच्या ट्रकने त्याला इस्पितळात आणून टाकले. औषध सुरू होण्याआधी नेरेइदाने स्वतः भावाचे रक्त काढले होते. कागदावर तिने तिच्या नीट अक्षरात लिहिले, 'घेतलेली औषधे: नाहीत'.

औषधाने काम केले. तासाभरात लेओचे दुखणे ओसरले आणि तो कॉफी मागू लागला. पण खरा पेच पुढेच होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटातला व्रण फुटून चार बाटल्या रक्त चढवावे लागले होते. ॲस्पिरिन दिली तर तोच व्रण पुन्हा फुटेल. नाही दिली तर शीर पुन्हा बुजेल. डॉक्टर सोतोलोंगो औषधानंतरची नळी घेऊन स्वतःच माझ्यापाशी आले.

"लेओच्या प्लेटलेट्स शांत निघाल्या, तर ॲस्पिरिनची गरज नाही. पोटही वाचेल, शीरही वाचेल," ते म्हणाले.

चिथावणीचा थेंब पडला. माझी लेखणी जागची हलली नाही. रेघ अगदी सपाट गेली.

"झोपल्या!" डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. "औषधाने झोपवल्या! नेरेइदा, तुझा भाऊ नशीबवान आहे."

नेरेइदाने समाधानाने श्वास सोडला आणि रीत म्हणून औषधाच्या आधीची नळी लावली. थेंब पडला. तीही रेघ सपाट गेली.

नेरेइदाने नळीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

"डॉक्टर," नेरेइदा हळूच म्हणाली, "ही आधीची नळी आहे. औषधाचा एक थेंबही तेव्हा त्याच्या अंगात गेला नव्हता. मग यांना झोपवलं कुणी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मोटारसायकलचा दिवा, सायकलची ट्यूब, निळी शाई, वजनकाट्याचा कागद. "म्हातारी गेली कामातून," ते म्हणाले. "आता हिच्या कुठल्याच रेघेवर विश्वास ठेवता येत नाही."

"थांबा, मी माझं रक्त लावून बघते. मी धडधाकट आहे."

तिने रक्त काढवून घेतले, फिरवले आणि नळी माझ्या खोबणीत ठेवली. मित्रांनो, मी मनापासून पाहिले. एकही गोळा नाही. नेरेइदाची रेघसुद्धा सपाट.

डॉक्टरांनी मान हलवली. "पाच वाजेपर्यंत वाट बघतो. तोवर काही कळलं नाही तर पोट सांभाळायचं. ॲस्पिरिन नाही." आणि ते वॉर्डात निघून गेले. नेरेइदाने माझ्यावर कापड टाकले. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी माझ्यावर कापड कधी पडले नव्हते. मी खोटे बोलले असते, तर ते सोसले असते. पण मी खरे बोलून खोटी ठरले होते, आणि त्या खोटेपणावर लेओचा जीव टांगला होता. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात सोइला बादली सरकवत आत आली. सोइला आमच्याकडे फरशी पुसायची. वय साठीच्या पलीकडे, जीभ मात्र कोवळ्या मिरचीसारखी.

"हिला काय झालं? बुरखा कशाला घातलाय?"

नेरेइदाने रडत रडत सगळे सांगितले. सोइला फरशीपुसणे काठीसारखे धरून ऐकत राहिली.

"सोळा वर्षं ही बया खोटं बोलली नाही, आणि आज तुझ्याच भावाच्या वेळी बोलली? मला नाही पटत. अगं, तुम्ही दोघं एका आईची पोरं. रक्त एकच असणार! दुसऱ्या आईचं रक्त घालून बघ. हे घे, माझं काढ."

"सोइला, तसं नसतं गं रक्त."

"नसेना का. माझ्या हाताला सुई लागेल, तुझं काय जातंय?"

कापड दूर झाले. सोइलाचे पिवळे पाणी खोबणीत आले, थेंब पडला, आणि काय सांगू! प्लेटलेट्स अशा धावल्या की पाणी क्षणात निवळले. माझी लेखणी सरसर चढली आणि वरच्या खिळ्यावर टक्कन आदळली.

"बघितलंस?" सोइलाने कमरेवर हात ठेवले. "माझ्यासारख्याच आहेत. हाक मारली की कामाला हजर."

म्हणजे मी ठणठणीत होते! पण नेरेइदाचा चेहरा आणखी उतरला. बाकायाओ घराण्याच्या रक्तातच काही खोट आहे, असे तिला वाटले. ती डॉक्टरांना ओढतच घेऊन आली.

डॉक्टरांनी चारही रेघा शेजारी ठेवल्या. "घराण्याची खोट म्हणतेस? तुझी दोन बाळंतपणं झाली. तेव्हा रक्त थांबलं ना? मग जन्माची खोट नाही. तुम्ही दोघांनी काहीतरी घेतलंय. काय औषध घेतलं?"

"काहीच नाही. त्यालाही मी दोनदा विचारलं."

"आठवून बघ."

"नाही हो डॉक्टर. काही नाही." डोके ठणकत होते म्हणून तिने कपाळ दाबले, एप्रनच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी तोंडात टाकायला निघाली.

"सकाळपासून तिसरी," सोइला म्हणाली.

डॉक्टरांनी तिचा हात हवेतच धरला. "हे काय आहे?"

"डुराल्जिना."

"तू म्हणालीस, औषध घेतलं नाही!"

"डुराल्जिना काय औषध आहे?" नेरेइदा खरोखरच गोंधळली. "ती तर... डुराल्जिना आहे."

मित्रांनो, हसू नका. आमच्या गावात डोके दुखले, दात दुखला, सून बोलली, उकडले, झोप आली नाही, सगळ्यावर हीच गोळी. शेजारीण मीठ मागायला येते आणि जाताना दोन डुराल्जिना घेऊन जाते. तिला औषध म्हणणे म्हणजे पाण्याला सरबत म्हणणे. पण तीच गोळी प्लेटलेट्सना काही तास गुंगवून ठेवते. डॉक्टरांना हे ठाऊक होते, पुस्तकात वाचलेले होते. त्यांनी हळूच स्वतःच्या खिशात हात घातला. त्यांच्याही खिशातून अर्धी पट्टी निघाली. ते मटकन खुर्चीवर बसले.

"आणि तुम्ही, सोइला? तुम्ही नाही घेत?"

"मी गवती चहा घेते. गोळ्यांनी जीभ बोथट होते."

तिघे लेओच्या खाटेपाशी गेले. तिथे काय बोलणे झाले, ते मला सोइलाने नंतर पुसता पुसता दहा वेळा ऐकवले.

"लेओ, कालपासून काय काय औषध घेतलंस?" नेरेइदाने विचारले.

"औषध? मी? आयुष्यात घेतलं नाही. मला औषधाचा तिटकारा आहे."

"डुराल्जिना?"

"हां, ती घेतली. काल डॉमिनोज खेळताना छाती आवळली, तेव्हा दोन. डाव सोडून कसा उठणार? हातात दुहेरी नऊची सोंगटी होती, उठलो असतो तर पळाला म्हणाले असते. मग झोपताना दोन. पहाटे दोन. ट्रकमध्ये ड्रायव्हरने दोन दिल्या, भला माणूस. पण औषध म्हणशील तर एकही नाही."

"गाढवा!" नेरेइदा म्हणाली आणि वॉर्डात सगळ्यांसमोर रडली.

आता सगळे स्पष्ट झाले. लेओच्या प्लेटलेट्स गुठळीच्या औषधाने झोपल्या नव्हत्या. त्यांना डुराल्जिनाने गुंगवले होते, आणि ती गुंगी उतरणार होती. त्या जाग्या होतील तेव्हा समोर ओली शीर असेल. ॲस्पिरिन द्यायलाच हवी होती. पण डुराल्जिना अंगात ठासून भरलेली असताना ॲस्पिरिनला आपली जागा सापडत नाही, आणि पोटाला मात्र ती तेवढीच जाळते. गुंगी उतरू लागेल तेव्हाच ती द्यायची. ते कधी? हे सांगू शकणारी सगळ्या इस्पितळात एकच होती, आणि ती मी.

"दुपारी दोनला एक नळी, मग साडेचारला एक," डॉक्टरांनी सांगितले. "चोंबडीने मान वर केली की ॲस्पिरिन. आणि याच्या उशाखालची पट्टी काढून घ्या."

दोनची रेघ सपाट होती. साडेचारला नेरेइदाने रक्त काढले आणि फिरवून पिवळे पाणी वेगळे केले. तेवढ्यात माझा दिवा विझला. वीज गेली होती. त्या काळात ती रोजच जायची, पण ठरल्या वेळेला, पाच वाजता. त्या दिवशी पाव तास आधीच गेली. इस्पितळाचे जनित्र फक्त वॉर्डांपुरते होते, प्रयोगशाळेला नव्हते.

नेरेइदा माझ्या विझलेल्या दिव्यासमोर उभी राहिली. मग तिने सोइलाला हाक मारली. दोघींनी मला उचलले आणि सोइलाच्या बादलीच्या गाडीवर चढवले. मागे बादली, पुढे मी, आणि नळी नेरेइदाच्या काखेत, उबेला. आयुष्यात मी पहिल्यांदाच टेबलावरून उतरले होते. व्हरांड्यात लोक भिंतीला चिकटून वाट देत होते.

"सरका, सरका, बाईसाहेबांची वरात आलीय!" सोइला ओरडत होती.

लेओच्या खाटेशेजारी मला लावले. जनित्राच्या विजेने माझी खोबणी हळूहळू ऊब धरू लागली. त्या दहा मिनिटांत नेरेइदाने किती वेळा घड्याळ पाहिले, ते मी मोजले नाही. लेओने मान वळवून कागद पाहिला.

"अरे, हा तर माझाच कागद! वजन, टन."

"बोलू नकोस," नेरेइदा म्हणाली.

"छातीत पुन्हा कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखं वाटतंय गं. जोरात नाही. नुसता टेकवलाय."

नेरेइदाने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी खोबणीकडे बोट दाखवले. तिने थेंब टाकला. लेखणी आधी सपाट गेली. मग थबकली. आणि मग, मित्रांनो, ती चढू लागली. सोइलासारखी धावत नाही, पण ठाम. निम्म्या कागदापर्यंत जाऊन ती थांबली.

"चढ लागला," लेओ म्हणाला. "गाडी टेकाडावर निघाली."

"हो, आणि वर जाऊ द्यायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ॲस्पिरिन आणा. चावून खायला सांगा. पोटासाठी पांढरं औषध आणि दूध."

"दूध?" लेओने विचारले. "खरं दूध? या टंचाईच्या दिवसांत? मग आधीच झटका आणला असता की!"

नेरेइदाने त्याला चापट मारायला हात उचलला, आणि तोच हात त्याच्या कपाळावर ठेवला.

छातीवरचा अंगठा संध्याकाळपर्यंत उचलला गेला. दुसऱ्या दिवशी लेओची रेघ पुन्हा सपाट आली. ही आम्ही मागवलेली सपाट रेघ होती. त्याचे पोट रोज तपासले, रक्ताचा ठिपका नव्हता. दहाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. जाताना प्रयोगशाळेत आला, माझ्या झाकणाचा मुका घेतला आणि कॉफीचा कप त्यावर ठेवला. तो दुसरा डाग. नेरेइदा त्या दिवशी ओरडली नाही.

पुढे डॉक्टर आणि नेरेइदा सायकलींवरून एकोणीसच्या एकोणीस रुग्णांकडे जाऊन आले. जे आता हयात नव्हते, त्यांच्या घरच्यांना विचारले. प्रश्न एकच, डुराल्जिना घेतली होती का? हो म्हणणाऱ्यांचे कागद एकीकडे, नाही म्हणणाऱ्यांचे दुसरीकडे. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या रेघा आता नीट एका सुरात बोलू लागल्या. गुठळीचे औषध सुरू झाले की बहुतेकांच्या प्लेटलेट्स आधी जास्तच खवळत. काही तासांनी त्या सुस्तावत, आणि मग पुन्हा जाग्या होत. औषध धागे कापत होते, पण प्लेटलेट्सची समजूत काढत नव्हते. त्यांच्यासाठी ॲस्पिरिन हवीच होती. डॉक्टरांनी एकोणीस कागद पुन्हा एकदा चाळले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ कर, म्हातारे." हे शब्द मी पोटातल्या दिव्याजवळ जपून ठेवले आहेत.

तिसरा डाग त्यांच्या कपाचा आहे.

आता मी निवृत्त आहे. माझ्या जागी नवे, पडद्यावर रंगीत रेघा काढणारे यंत्र आले आहे. मला विद्यार्थ्यांच्या वर्गात ठेवले आहे. वर्षातून चार-पाचदा दिवा लावतात, मुली घाबरत घाबरत थेंब टाकतात, आणि मी अजूनही खरे तेच सांगते. नेरेइदाही निवृत्त झाली, पण दर गुरुवारी येऊन माझी धूळ पुसते. इस्पितळाच्या छापील कागदावर 'घेतलेली औषधे' या ओळीखाली एक वेगळी ओळ आली आहे. तिथे फक्त एक शब्द आहे, डुराल्जिना, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. एखादे जुने यंत्र, किंवा एखादे जुने माणूस, तुम्हाला नको ते सांगू लागले, तर लगेच त्याच्यावर कापड टाकू नका. आधी विचारा, आपण त्याला पुरते खरे सांगितले आहे का? आम्हाला पुसा, खाऱ्या वाऱ्यापासून जपा, पण त्याहून जास्त आमचे ऐकून घ्या.

गेल्या गुरुवारी लेओ आला होता. केस पांढरे झाले आहेत, आवाज तसाच आडदांड. कारखाना बंद पडून किती वर्षे झाली, तरी त्याच्या काखेत वजनकाट्याच्या कागदाची एक गुंडाळी होती, कुठून मिळवली कोण जाणे. वर्गातल्या एका नव्या मुलीला सराव करायचा होता. लेओने बाही वर केली.

"आजोबा, काही औषध घेता?" तिने कागद समोर धरून विचारले.

"छे. औषध नाही घेत."

मुलगी लिहायला वाकली, मग थांबली. खालची ओळ वाचून तिने मान वर केली. "आणि डुराल्जिना?"

लेओने नेरेइदाकडे पाहिले. नेरेइदाने हाताची घडी घातली.

"सकाळी एक," तो म्हणाला. "पण तेवढीच, देवाशपथ."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने कॉफीचा कप माझ्या झाकणावर ठेवला. चौथा डाग पडला. पडू दे.